कोपनहेगनचा ताजा कलम

मायकेल फ्रेन यांचं 'कोपनहेगन' हे नाटक पुस्तक म्हणून वाचायला घेतलं की सुरुवातीला चुकल्याचुकल्यासारखं होतं. पडदा वर जातो, डावीकडे दिवाणखाना, मागे खिडकी, खिडकीत संध्याकाळचा उजेड, असं सवयीनं जे भेटायला हवं त्यातलं एक अक्षर नाही. तीन पात्रांची नावं (डेन्मार्कचे भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर, त्यांच्या पत्नी मार्गरेथ आणि जर्मन भौतिकशास्त्रज्ञ वेर्नर हायझेनबर्ग) आणि लगेच संवाद. पहिलं वाक्य मार्गरेथचं, दोन शब्दांचं: "पण का?"

नाटक संपतं तेव्हा पुस्तक संपत नाही. पुढे लेखक स्वतः बोलायला लागतो. आपल्याकडे नाटककाराचं मनोगत असतं ते सुरुवातीच्या पानांवर, पात्रपरिचयाच्याही आधी. फ्रेन मागे लिहितात, आणि त्याला नाव देतात पत्राखालच्या मजकुराचं: ताजा कलम. सही करून झाल्यावर आठवलेली गोष्ट. फक्त हा ताजा कलम दोन ओळींचा नाही, चांगला लांबलचक निबंध आहे. आणि पुढच्या आवृत्त्यांत त्या ताज्या कलमालाही आणखी एक ताजा कलम जोडावा लागला. तो का जोडावा लागला, हे इथे उलगडून बघायचं आहे.

एक खुलासा आधीच करून टाकते. मराठीत आपल्याला एक सोय आहे जी फ्रेन यांना इंग्रजीत नव्हती: माणसाला 'तो' म्हणायचं की 'ते'. खाली जिथे 'बोर म्हणतो' असं येईल तिथे तो नाटकातला, तीन खुर्च्यांमधला बोर. जिथे 'बोर म्हणाले' येईल तिथे १९६२ साली वारलेले खरे नील्स बोर. हायझेनबर्ग आणि मार्गरेथ यांचंही तसंच. आणि खरं सांगायचं तर हे सगळं प्रकरण या 'तो' आणि 'ते'च्या घोटाळ्यातूनच पेटलं.

आता मूळ घटना. सप्टेंबर १९४१. डेन्मार्क जर्मनीच्या ताब्यात जाऊन १७ महिने झाले होते. वेर्नर हायझेनबर्ग, वय ३९, नोबेल मिळवलेले, जर्मनीच्या युरेनियम संशोधनातलं सगळ्यात मोठं नाव, कोपनहेगनला आले. निमित्त तिथल्या जर्मन सांस्कृतिक संस्थेतल्या परिषदेचं. बरोबर सहकारी भौतिकशास्त्रज्ञ कार्ल फ्रीडरिश फॉन वाइत्सॅकर. बोर तेव्हा ५५ वर्षांचे, आई ज्यू घराण्यातली, आणि त्या जर्मन संस्थेत पाऊल टाकायची त्यांची तयारी नव्हती. दोघांचं नातं मात्र जुनं. १९२२ साली गटिंगेनमध्ये बोर यांच्या व्याख्यानानंतर विशीतल्या हायझेनबर्ग यांनी उभं राहून हरकत घेतली होती, आणि बोर यांनी चिडण्याऐवजी त्यांना फिरायला नेलं होतं. पुढे १९२४ ते १९२७ या काळात हायझेनबर्ग बरेचदा कोपनहेगनलाच असत. अनिश्चिततेचं तत्त्व तिथेच लिहून झालं. गुरू-शिष्य म्हणा, बाप-लेक म्हणा. नाटकात दोन्ही आहे.

या भेटीत दोघं एकांतात काहीतरी बोलले आणि बोर अतिशय अस्वस्थ झाले. एवढं पक्कं. बाकी सगळं हवेत. बोलणं कुठे झालं? हायझेनबर्ग यांना आठवत होतं की आपण रात्री फिरायला बाहेर पडलो होतो. बोर यांना आठवत होती त्यांच्या स्वतःच्या भौतिकशास्त्र संस्थेतली आपली खोली. साधा महिना, सप्टेंबर की ऑक्टोबर, याबद्दलही नंतरच्या आठवणी जुळत नव्हत्या. आणि बोलले काय? हायझेनबर्ग यांनी पुढे मांडलेली बाजू अशी: युद्धकाळात शास्त्रज्ञानं असल्या कामाला हात लावावा का, हे मला विचारायचं होतं, पण अणुबॉम्ब शक्य आहे एवढं ऐकूनच बोर इतके हादरले की पुढचं त्यांच्या कानात शिरलंच नाही. १९५६ साली रॉबर्ट युंक या पत्रकारानं अणुशास्त्रज्ञांवर जे गाजलेलं पुस्तक लिहिलं, त्यातून एक गोड दंतकथा घरोघर गेली: जर्मन शास्त्रज्ञांना बॉम्ब बनवता येत होता, त्यांनी सदसद्विवेकाला स्मरून तो बनवला नाही. म्हणजे अमेरिकेचा बॉम्ब बनवणारे लॉस अलामोसवाले पापी आणि बर्लिनवाले पुण्यवान. हे वाचून बोर यांच्या मनात काय आलं असेल, याची कल्पना करायला नाटककार लागत नाही.

फ्रेन यांच्याबद्दल थोडं, कारण हा माणूस भौतिकशास्त्राकडे कसा वळला हे कळल्याशिवाय ताजा कलम कळत नाही. जन्म १९३३, लंडन. केंब्रिजला तत्त्वज्ञान शिकले. त्याआधी लष्करातल्या सक्तीच्या नोकरीत रशियन शिकले, आणि त्या जोरावर पुढे चेकॉव्हची नाटकं थेट रशियनमधून इंग्रजीत आणली. वर्तमानपत्रात विनोदी सदरं लिहिली. १९८२ साली 'नॉइजेस ऑफ' हे प्रहसन आलं: पहिल्या अंकात एका टुकार नाटकाची तालीम, दुसऱ्या अंकात तोच अंक मागच्या बाजूनं, विंगेतून. एकच प्रसंग, जागा बदलून पुन्हा पाहायचा. 'कोपनहेगन'चा सांगाडा वेगळा नाही, हे माझं ठाम मत आहे. प्रहसनात पॅन्ट गळून पडते, इथे माणुसकीची झूल, पण यंत्र तेच.

१९९२ साली एक जुनी पेटी उघडली होती. युद्ध संपल्यावर इंग्रजांनी १० जर्मन शास्त्रज्ञांना केंब्रिजजवळच्या फार्म हॉल नावाच्या घरात जुलै १९४५ ते जानेवारी १९४६ असे सहा महिने ठेवलं होतं. वर्तमानपत्रं, पियानो, बागेत फेरफटका, सगळं व्यवस्थित. आणि भिंतींमध्ये मायक्रोफोन. ती चोरून ऐकलेली संभाषणं १९९२ साली खुली झाली. पुढच्याच वर्षी थॉमस पॉवर्स यांचं हायझेनबर्ग यांच्यावरचं पुस्तक आलं. त्यांचा दावा होता की हायझेनबर्ग यांनी जर्मन बॉम्ब आतून मुद्दाम मोडला. फ्रेन यांनी हे वाचलं आणि त्यांच्यातला तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी जागा झाला. माणूस एखादी गोष्ट का करतो हे दुसऱ्याला कळू शकतं का? त्याचं त्याला तरी कळतं का? इलेक्ट्रॉनची जागा आणि वेग एकाच वेळी नेमके सांगता येत नाहीत, हे सांगणाराच माणूस इथे आरोपीच्या पिंजऱ्यात. नाटककाराला याहून काय हवं?

नाटकात तिघंही मेलेले आहेत. बोर, मार्गरेथ, हायझेनबर्ग. मेल्यामुळे त्यांना घाई नाही आणि लपवायचंही काही नाही. ते १९४१ ची ती संध्याकाळ पुन्हा पुन्हा घडवून बघतात. हायझेनबर्ग येतो, दार उघडतं, अवघडलेलं स्वागत, घरात कोणी ऐकत असेल म्हणून दोघं बाहेर पडतात, थोड्याच वेळात परत येतात, आणि बोर संतापलेला असतो. नाही जमलं. पुन्हा. या प्रत्येक खेपेला नाटकात शब्द येतो 'मसुदा'. कारण खरे बोर लेखांचे मसुदे करण्याबद्दल कुप्रसिद्ध होते. एकेक लेख दहादा पुन्हा लिहायचे, मार्गरेथ टंकून द्यायच्या. नाटकातला बोर त्याच चालीवर म्हणतो, आणखी एक मसुदा करू. हा शब्द लक्षात ठेवा. १९९८ साली तो फ्रेन यांनी निव्वळ स्वभावचित्रणासाठी वापरला होता. चार वर्षांनी त्याचं काय झालं ते पुढे येतंच.

शेवटच्या मसुद्यात नाटक आपलं सगळ्यात धाडसी पान टाकतं, आणि ते पान गणिताचं आहे. बॉम्बला किती युरेनियम-२३५ लागेल? हिरोशिमाची बातमी ६ ऑगस्ट १९४५ च्या रात्री फार्म हॉलमध्ये पोचली तेव्हा हायझेनबर्ग यांनी सहकाऱ्यांसमोर जो हिशेब मांडला तो झिंगलेल्या माणसाच्या चालीचा होता: न्यूट्रॉन धडपडत किती लांब जाईल, तेवढी गोळ्याची त्रिज्या. उत्तर टनांच्या घरात. एवढं शुद्ध युरेनियम-२३५ कोण आणणार? प्रत्यक्षात हिरोशिमाच्या बॉम्बमध्ये सुमारे ६४ किलो युरेनियम होतं. आठवड्याभरात, १४ ऑगस्टला, हायझेनबर्ग यांनी त्याच घरात सहकाऱ्यांना व्याख्यान दिलं आणि त्यात हिशेब मुळापासून बरोबर मांडला. म्हणजे त्यांना येत होतं. मग युद्धाच्या सहा वर्षांत कधी केला का नाही? इंग्लंडमध्ये ऑटो फ्रिश आणि रुडॉल्फ पायर्ल्स या भौतिकशास्त्रज्ञांनी १९४० साली बर्मिंगहॅममध्ये बसून हा हिशेब केला होता. आकडा खऱ्यापेक्षा फारच कमी आला, पण दिशा कळली आणि चक्रं फिरली. त्यातले फ्रिश १९३९ पर्यंत बोर यांच्याच संस्थेत होते, हा आणखी एक टोचणारा योगायोग.

नाटकाचं म्हणणं असं: समजा त्या रात्री बोर चिडून मागे फिरला नसता. समजा त्यानं जुन्या सवयीनं शांतपणे विचारलं असतं, "तू हिशेब केलायस का?" हायझेनबर्गनं केला असता. आणि मग एक भयानक शक्यता समोर उभी राहते. म्हणजे बोरचा राग, संभाषण तोडणं, त्यामुळेच जग वाचलं असेल. रंगमंचावर हा क्षण अंगावर येतो. मी तो आधी वाचला होता, तरी पडद्यावर पाहताना थंडावा जाणवला. पण हे इतिहास म्हणून कुठेही सिद्ध झालेलं नाही. ही पूर्णपणे नाटककाराची चाल आहे.

पहिला प्रयोग मे १९९८, लंडनच्या नॅशनल थिएटरमधलं सगळ्यात छोटं नाट्यगृह, कॉट्स्लो. दिग्दर्शक मायकेल ब्लेकमोर. बोर डेव्हिड बर्क, मार्गरेथ सारा केस्टेलमन, हायझेनबर्ग मॅथ्यू मार्श. नेपथ्य म्हणजे मोकळी गोल जागा आणि तीन खुर्च्या. काही प्रेक्षकांना रंगमंचाच्या मागच्या बाजूला, उंचावर बसवलं होतं: व्याख्यानाचं सभागृह म्हणा, नाहीतर न्यायालय. ब्लेकमोर यांनी नुसत्या आसनव्यवस्थेतून प्रेक्षकाला पंच करून टाकलं. पुढे वेस्ट एंड, मग एप्रिल २००० मध्ये ब्रॉडवे, ३२६ प्रयोग, सर्वोत्तम नाटकाचं टोनी पारितोषिक. क्वांटम भौतिकीवर तासन्तास बोलणाऱ्या तीन भुतांच्या नाटकाला हे यश मिळेल असं कोणाला वाटलं असतं?

आता पुस्तकाकडे. इंग्लंडमध्ये नव्या नाटकाची संहिता पहिल्या प्रयोगाच्या सुमाराला छापून तयार ठेवायची पद्धत आहे. पुस्तक नाट्यगृहातच विकायला ठेवतात. त्यासाठी मजकूर तालमी चालू असतानाच छापखान्यात जातो. म्हणून अशा पुस्तकात बरेचदा बारीक टाइपात एक ओळ असते की प्रत्यक्ष प्रयोगात थोडा फरक असू शकेल. आपल्याकडे उलटं. नाटक चालतं की पडतं ते बघायचं, शंभरेक प्रयोग होऊ द्यायचे, मग प्रकाशक दारात येतो, आणि छापलेली संहिता ही नटांच्या तोंडात घासून गुळगुळीत झालेली असते. इंग्रजी पद्धतीत लेखकाचं कच्चं म्हणणं आधी छापलं जातं आणि पुढच्या आवृत्तीत सुधारायला वाव राहतो. 'कोपनहेगन'च्या बाबतीत ही छापण्याची रीतच महत्त्वाची ठरली. मेथ्युएन प्रकाशनाच्या १९९८ च्या आवृत्तीत पहिला ताजा कलम होता, म्हणजे वाद सुरू व्हायच्या आधीच लेखकानं हिशेब मांडून ठेवला होता.

त्या निबंधात फ्रेन कुठला प्रसंग कागदोपत्री आहे, कुठला तर्कानं रचलेला, कुठला निखळ कल्पनेतला, हे सांगत जातात. ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीसचा आधार घेतात: लोकांनी केलेली भाषणं शब्दशः मिळत नाहीत तेव्हा त्या माणसानं त्या वेळी काय म्हणणं साजेसं होतं ते लिहायचं. आणि मग कबूल करतात की मी त्याच्याही पुढे गेलो आहे. मला हा प्रामाणिकपणा आवडतो. आपल्याकडे १९७२ साली 'घाशीराम कोतवाल'वरून नाना फडणविसांच्या नावानं रण पेटलं तेव्हा तेंडुलकरांची भूमिका होती की हे इतिहासाचं नाटक नव्हेच. तीही भूमिका योग्य, त्या नाटकाला तीच शोभते. पण फ्रेन यांना ती पळवाट नव्हती, कारण त्यांची पात्रं इतिहासाबद्दलच भांडतात.

टीका आली आणि ती भौतिकशास्त्रज्ञांपेक्षा इतिहासकारांकडून जास्त जोरात आली. शास्त्रज्ञांना तर आनंदच झाला होता. आपलं काम रंगमंचावर, आणि बहुतेक बरोबर. पॉल लॉरेन्स रोझ या इतिहासकारांनी मात्र नाटकावर तुटून पडत म्हटलं की यात इतिहासाचा बळी दिला आहे. त्यांच्या मते हायझेनबर्ग हे नाझी राजवटीसाठी निष्ठेनं राबणारे होते, बॉम्ब केला नाही कारण करता आला नाही, आणि नंतर त्यावर नीतीचा मुलामा चढवला. हार्वर्डचे जेराल्ड होल्टन यांनीही हरकत घेतली. मुख्य तक्रार अशी: नाटकात असा सूर लागतो की शेवटी लॉस अलामोसला जाऊन नागासाकीच्या बॉम्बच्या कळीला हातभार लावणारा बोर, तर हात कोरे ठेवणारा हायझेनबर्ग. पारडी समान करून टाकली.

ही तक्रार मला अर्धी पटते. पुस्तकात नाही पटत, प्रयोगात पटते. दुसऱ्या अंकात हायझेनबर्गचं एक भाषण आहे, १९४५ साली उद्ध्वस्त जर्मनीतून सायकलवरून घरी जाण्याचं. वाटेत हिटलरच्या एसएस दलाचा माणूस अडवतो, पळपुटा समजून गोळी घालणार, आणि हायझेनबर्ग खिशातलं अमेरिकन सिगारेटचं पाकीट पुढे करतो. जीव वाचतो. एखादा बरा नट हे भाषण करत असताना प्रेक्षक हायझेनबर्गच्या बाजूचा झालेला असतो, त्याला काही इलाज नाही. नाटकात सहानुभूती तर्कानं मिळत नाही. कोणाला किती सलग बोलायला दिलंय यावर मिळते. मार्गरेथ मधूनमधून टाचणी लावते (हायझेनबर्ग मिरवायला आला होता, जिंकणाऱ्या देशाचा मोठा माणूस म्हणून, हे तीच म्हणते, आणि मला वाटतं नाटकातलं सगळ्यात शहाणं वाक्य तेच) पण टाचणी ती टाचणी. आणि ज्याच्या हातात फक्त तिकीट आहे त्याला ताजा कलम मिळत नाही. तो घरी जातो ते सिगारेटचं पाकीट घेऊन. ब्रिटिश नाटकांवर लिहिणारे बहुतेक जण प्रयोगाबद्दल लिहितात, पुस्तकाबद्दल नाही. इथे या दोन वेगळ्या कृती आहेत, हे त्यातल्या त्यात रोझ यांच्यासारख्यांनी तरी बघायला हवं होतं.

हायझेनबर्ग यांचे पुत्र योखेन यांनी नाटक पाहिल्यावर जे सांगितलं ते फ्रेन यांनी ताज्या कलमात नमूद केलं आहे. माझ्या वडलांना संगीत सोडून कशाबद्दलही भावना व्यक्त करताना मी पाहिलं नाही. पण नाटकातल्या माणसांना जरा जास्त बोलावं लागतं हे मी समजू शकतो, अशा अर्थाचं. 'तो' आणि 'ते' यांतलं अंतर इतकं नेमकं कोणी मोजलं नसेल.

मध्येच एक गंमत झाली. लंडनचे प्रयोग चालू असताना फ्रेन यांना एका बाईंचं पत्र आलं. नाव सेलिया. आपण पूर्वी फार्म हॉलमध्ये राहत होतो, तिथल्या जमिनीच्या फळ्यांखाली जुने जर्मन कागद सापडले, तुम्हाला रस असेल म्हणून पाठवते. कागद विचित्र होते. टेबल टेनिसचं टेबल उभं करण्याच्या सूचनांसारखं काहीतरी, पण सांकेतिक असावं असं वाटायला लावणारं. फ्रेन यांनी त्यांवर डोकं फोडलं, पत्रं लिहिली, तर्क केले. सेलियाबाई आणखी कागद पाठवत राहिल्या. शेवटी कळलं की सेलिया म्हणजे डेव्हिड बर्क, रोज रात्री बोर साकारणारा नट. माणसाच्या हेतूचा थांग लागत नाही असं नाटक लिहिणाऱ्याला त्याच्याच बोरनं गंडवलं. दोघांनी मिळून त्यावर २००० साली एक पुस्तकही केलं. फ्रेन यांचा मोठेपणा की ते स्वतःच्या फजितीवर लिहायला बसले. पण त्यातली खोच बघा: अस्सल कागदांसाठी हा माणूस किती आसुसलेला होता!

आणि अस्सल कागद होते. कोपनहेगनमध्ये, बंद पाकिटात. बोर वारल्यावर त्यांच्या संग्रहातल्या युंकच्या पुस्तकाच्या डॅनिश प्रतीत एक पत्र सापडलं होतं, हायझेनबर्ग यांना लिहिलेलं, कधीच न पाठवलेलं. कुटुंबानं ते मृत्यूनंतर ५० वर्षांसाठी, म्हणजे २०१२ पर्यंत, बंद ठेवायचं ठरवलं. होल्टन यांनी ते पूर्वी पाहिलं होतं. नाटकानिमित्त न्यूयॉर्कला, कोपनहेगनला परिसंवाद झाले, पत्राचा उल्लेख झाला, आणि मग कुजबुज, तर्क, वृत्तपत्रं. शेवटी बोर कुटुंबानं नियोजित वेळेच्या दहा वर्षं आधी, ६ फेब्रुवारी २००२ रोजी, सगळं खुलं केलं. इतिहासाच्या कपाटाचं कुलूप एका नाटकानं उघडलं, असं नेहमी घडत नाही.

कागद एक नव्हता, ११ होते. काही बोर यांच्या हातचे, काही त्यांनी सांगून मार्गरेथ, मुलगा ओगे आणि सहायक यांनी लिहून घेतलेले. १९५७ च्या सुमारापासून मरेपर्यंत बोर तेच पत्र पुन्हा पुन्हा लिहीत होते. मसुदे! नाटकातला बोर जे मेल्यावर करतो ते खरे बोर जिवंतपणी पाच वर्षं करत होते, आणि फ्रेन यांना हे माहीत नव्हतं. ही पानं पहिल्यांदा वाचली तेव्हा मी खरोखर पुस्तक मिटून बसले.

मजकूर कडक होता. आदरयुक्त, दुखावलेला, पण कडक. बोर लिहितात की आपल्यातलं बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं. तुम्ही आणि वाइत्सॅकर यांनी जर्मनीचाच विजय होणार अशी खात्री व्यक्त केली. आणि संस्थेतल्या माझ्या खोलीत तुम्ही जे मोघम बोललात त्यावरून माझी पक्की समजूत झाली की तुमच्या नेतृत्वाखाली जर्मनीत अण्वस्त्रं बनवण्यासाठी सर्व काही केलं जात आहे. तपशिलात शिरायची गरज नाही, मला ते पूर्ण माहीत आहेत, गेली दोन वर्षं जवळजवळ त्याच कामात गेली, असंही तुम्ही म्हणालात. विवेकाच्या टोचणीची गोष्ट या कागदांत कुठेच नाही.

रोझ यांच्या बाजूच्या लोकांना वाटलं निकाल लागला. वृत्तपत्रांचे मथळेही तसेच. पण निकाल कशाचा लागला? बोर यांनी काय ऐकलं, याचा. तोही घटनेनंतर सोळा वर्षांनी, एक चीड आणणारं पुस्तक वाचल्यावर लिहिलेला. हायझेनबर्ग काय सांगायला आले होते, हे त्या कागदांत असणं शक्यच नव्हतं. फ्रेन यांनी त्याच वर्षी प्रदीर्घ उत्तर लिहिलं आणि आवृत्तीला दुसरा ताजा कलम जोडला. त्यांचा मुद्दा मला वजनदार वाटतो: व्याप्त देशातल्या, ज्याचे शत्रूपक्षात मित्र आहेत अशा माणसाला जर्मनीचा गुप्त प्रकल्प आपण चालवतो असं उघड सांगणं, हे युद्धकाळात केवढं धोक्याचं! तो निष्ठावंत नोकराचा व्यवहार दिसत नाही. मूर्खपणा असेल, फुशारकी असेल, इशारा असेल. म्हणजे प्रश्न होता तिथेच, फक्त आता जास्त धारदार.

त्यांनी एक गोष्ट केली नाही. नव्या कागदांप्रमाणे नाटक पुन्हा लिहिलं नाही. तांत्रिक चुका दाखवून दिलेल्या दुरुस्त केल्या, पण त्या संध्याकाळच्या खेपा जशा होत्या तशाच. इथे मी पूर्णपणे त्यांच्या बाजूची आहे. नाटकात १९९८ चं अज्ञान राहू दिलं आणि नवं ज्ञान मागे, वेगळ्या पानांवर ठेवलं, हे वाचकाच्या दृष्टीनं सोयीचं आहे. त्याला दोन्ही थर दिसतात. पण जो दिग्दर्शक आज हे नाटक करेल त्यानं त्या मागच्या पानांचं काय करायचं? माहितीपत्रकात छापायची? २००२ साली बीबीसीनं हॉवर्ड डेव्हिस यांच्या दिग्दर्शनाखाली चित्रपटरूप केलं, स्टीफन रे, फ्रान्सेस्का ॲनिस आणि डॅनियल क्रेग यांना घेऊन. क्रेगचा हायझेनबर्ग इतका देखणा आणि हळवा आहे की दहा ताजे कलम जोडले तरी पारडं सरळ होणार नाही.

आणखी एक कागद राहिला. हायझेनबर्ग यांनी त्या आठवड्यात कोपनहेगनहून पत्नी एलिझाबेथ यांना लिहिलेलं पत्र पुढे त्यांच्या कुटुंबानं प्रसिद्ध केलं. सगळ्या साक्षींमध्ये हीच एक त्याच दिवसांतली. बाकीच्या साऱ्या आठवणी आहेत. त्यावरून दिसतं की नाटकात जी एक संध्याकाळ आहे ती प्रत्यक्षात तीन होत्या. पोचल्याच रात्री हायझेनबर्ग स्वच्छ चांदण्याच्या आकाशाखाली, दिवे मालवलेल्या शहरातून बोर यांच्या घरी चालत गेले. बोर थोडे म्हातारे दिसत होते, मुलं मोठी झाली होती. मध्यरात्रीनंतर बोर आपल्या एका मुलाबरोबर त्यांना ट्रामपर्यंत सोडायला आले. बुधवारी पुन्हा सगळी संध्याकाळ, राजकारणावरून खटके, आपल्या राजवटीची बाजू मांडायचं काम आपोआप माझ्याकडे आलं असं ते लिहितात. आणि शनिवारी शेवटची भेट, वाइत्सॅकर यांच्यासोबत. ती खास छान झाली म्हणतात. ज्या भांडणानं वीस वर्षांची मैत्री तुटली असं नाटक सांगतं, ते झालं असेल तर बहुधा या भेटींच्या मधेच कुठेतरी. आणि त्यानंतर त्याच घरात, त्या शनिवारच्या रात्री, बोर यांनी काहीतरी मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि हायझेनबर्ग पियानोवर बसून मोझार्टचा ए मेजरमधला सोनाटा वाजवत होते.